पडद्याची पारख

घरात एखादी मोठी वस्तू यावयाची म्हणजे आधी घरात दोन पक्ष पडावे लागतात, हा आमच्या कुळाचा जुना शिरस्ता आहे. शिवणाचे यंत्र आधी घ्यावे की रेडिओ, या प्रश्नावर आमच्या आईवडिलांत सहा महिने धुसफूस चालली होती, असे आम्ही ऐकून आहोत. आमच्या स्वतःच्या कारकीर्दीतही शीतकपाट आणि पुस्तकांचे कपाट यांच्यात एकदा असाच सामना झाला, व पुस्तकांच्या कपाटाचा पराभव झाला. परंतु गेल्या पावसाळ्यात संगणकाच्या मॉनिटरवरून आमच्या पार्ल्याच्या घरात जे रण माजले, त्यापुढे ही सारी युद्धे म्हणजे पोरखेळच म्हणावयाचा.

एका पक्षात आमचे चिरंजीव. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहेत, आणि रात्री जेवणे आटोपली की त्यांचे चार मित्र चार गावांहून संगणकावर एकत्र जमून एका बंदुकबाजीच्या खेळात परस्परांचे प्राण वाचवितात किंवा घेतात. दुसऱ्या पक्षात आमची कन्या. तिने चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून घरीच छपाईच्या कामांची मांडणी करण्याचा उद्योग आरंभिला आहे. पैसे वीस हजार, टेबल एक, आणि त्यावर मावणारा मॉनिटरही एकच. चिरंजीवांस तो चपळ हवा होता. कन्येस तो खरे बोलणारा हवा होता. आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवितो, म्हणून पंचाचे काम आमच्याकडे आले. हा पंच स्वतःच आरोपी आहे, हे त्या वेळी आमच्याखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. आणि आम्हासही ते अर्धेच ठाऊक होते.

झाले होते ते असे. कन्येस एका साडीच्या दुकानाची सूचीपुस्तिका छापून देण्याचे काम मिळाले होते. तिच्या कमाईचे पहिले मोठे काम ते. बत्तीस पाने, पानोपानी साड्या, आणि प्रत्येक साडीखाली तिच्या रंगाचे नाव: डाळिंबी, मोरपंखी, अबोली, श्रीखंडी, शेवाळी. छापखान्याने नमुन्याची पाने, म्हणजे प्रुफे, घरी पाठविली त्या दिवशी ती मावसबहिणीच्या लग्नासाठी नाशिकला गेली होती, आणि छापखान्यास तर संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. तिने दूरध्वनीवरून आम्हास विनविले, "बाबा, माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडी आहे. पडद्यावरचं आणि प्रुफावरचं सारखं आहे ना, एवढं पाहून सांगा." आम्ही लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसलो, चष्मा पुसला, पान न् पान ताडून पाहिले, आणि मोठ्या ऐटीत कळविले, "तंतोतंत!"

पुस्तिका छापून आली. तीत शेवाळी रंगाच्या चार साड्या स्वच्छ तपकिरी उमटल्या होत्या. दुकानदाराने गठ्ठे परत पाठविले. त्याची चूक होती असे आम्हास म्हणवत नाही. शेवाळी म्हणून मागविलेली साडी तपकिरी निघाली, किंवा उलट झाले, तर त्याला गिऱ्हाइकांनी काय ऐकविले असते ते ऐकविलेच असते. ती पाने पुन्हा छापण्याचा बारा हजारांचा भुर्दंड कन्येच्या मेहनतान्यातून वळता झाला आणि पुढचे काम तिच्याकडे आले नाही.

तिने आम्हास एक शब्दही लावून बोलले नाही. उलट तिनेच आमच्यासाठी एक सबब शोधून काढली. लॅपटॉपचा पडदा टीएन जातीचा आहे, ती म्हणाली. या जातीचा पडदा समोरून पाहिला तर एक रंग दाखवितो, आणि वरून किंवा खालून पाहिला तर दुसराच. "तुम्ही उभ्यानं पाहिलं असेल, बाबा. मग तसंच दिसणार." आम्ही मान डोलाविली. वाचकहो, आम्ही उभे नव्हतो. खुर्ची ओढून, ताठ, अगदी समोर बसलो होतो. परंतु सबब इतकी शास्त्रशुद्ध होती, आणि आमच्या सोयीची होती, की ती नाकारण्याचा धीर आम्हास झाला नाही. दोष पडद्यावर गेला. पडदा बिचारा काय बोलणार? त्यास शिक्षा म्हणून नवा पडदा आणण्याचे ठरले.

मनाला लागलेली टोचणी विसरण्याचा आमच्यासारख्यांचा ठरलेला उपाय म्हणजे वाचन. आम्ही पडद्यांचे वाचन आरंभिले. या पडद्यांच्या मुळाशी जो द्रवस्फटिक आहे त्याचा शोध कोणा विद्युत्‌शास्त्रज्ञास लागलेला नाही. ऑस्ट्रियातील फ्रीड्रिख राइनिट्झर नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ साली गाजरातून काढलेल्या द्रव्यापासून बनविलेला एक पदार्थ तापविला, तेव्हा तो एकदा न वितळता दोनदा वितळला: प्रथम गढूळ झाला, आणि आणखी तापविल्यावर नितळ. त्या मधल्या गढूळ अवस्थेचा उपयोग काय, हे समजण्यास पुढे ऐंशी वर्षे लागली. आज आपल्या टेबलावर, भिंतीवर, खिशात जे असंख्य पडदे उजळत आहेत त्यांतील बहुतेकांचे पूर्वज गाजर होते, ही गोष्ट आम्ही जेवताना सांगितली. चिरंजीवांनी पानातली कोशिंबीर पाहिली आणि विचारले, "याचा रिफ्रेश रेट किती?"

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मात्र नव्हते. सामान्य पडदा सेकंदात ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर चित्र १६.७ सहस्रांश सेकंद टिकते. १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर ते ६.९ सहस्रांशच टिकते. एखादा शत्रू भिंतीआडून डोकावतो तो क्षण ज्याला आधी दिसेल तो वाचेल. चित्रपटाचे काम सेकंदाला २४ चित्रांवर भागते, मग तुम्हास एवढी घाई कशाला, असे आम्ही विचारून पाहिले. तेव्हा ते म्हणाले, "बाबा, चित्रपटात तुम्ही फक्त बघता. इथं बघून उत्तर द्यायचं असतं." हे उत्तर आम्हास पटले. इतके नेमके उत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आम्हास वर्षानुवर्षे मिळालेले नाही. शिवाय खेळ हे पडद्याचे काही अलीकडचे व्यसन नव्हे. अमेरिकेत ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला, तो १९५८ साली. रंगांच्या खरेपणाची चौकशी संगणकाच्या पडद्याकडे पुष्कळ उशिरा झाली.

आणि ती चौकशी म्हणजे तरी काय? आमची समजूत अशी होती की रंग जितके टवटवीत तितका पडदा चांगला. कन्येने ती पहिल्याच दिवशी मोडून काढली. टवटवीतपणा हा बहुधा खोटेपणाच असतो, तिने सांगितले. खऱ्या पडद्याचे वर्तन दुभाष्यासारखे हवे, त्याने पदरचे काही घालू नये. पडद्याने किती रंग दाखवावेत याची एक मर्यादा ठरलेली आहे, तिला एसआरजीबी म्हणतात. दोन अमेरिकन कंपन्यांनी ती १९९६ मध्ये सुचविली आणि १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. डोळ्यास दिसणाऱ्या एकंदर रंगांच्या सुमारे एक तृतीयांशच रंग तीत येतात. म्हणजे जगाचा दोन तृतीयांश रंग आधीच बाहेर ठेवून आपला सारा व्यवहार चालला आहे. कन्येच्या लॅपटॉपचा पडदा तर या मर्यादेतलेही पुरते रंग दाखवीत नव्हता. त्याच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले होते. एनटीएससी म्हणजे अमेरिकेने १९५३ साली दूरचित्रवाणीसाठी ठरविलेली रंगांची मर्यादा. एसआरजीबीच्या बरोबरीस येण्यास तिचे ७२ टक्के लागतात. ही कंपन्यांची भाषा मोठी चतुर असते: ४५ टक्के म्हटले की ग्राहकास निदान काठावर पास झाल्यासारखे वाटते.

पडद्यांच्या जातींचा जातिभेदही आम्ही पाठ केला. टीएन जात चपळ व स्वस्त, पण रंगाची कच्ची. व्हीए जात काळ्या रंगाची धनी. रात्रीचा प्रसंग तिने दाखवावा, परंतु काळोखातून काही वेगाने धावले तर मागे धुरकट शेपूट उमटते. आयपीएस जात रंगाची इमानी आणि कोणत्याही बाजूने पाहिली तरी एकवचनी, पण तिचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. पूर्वी ती मंद म्हणून खेळाडू तिच्या वाटेस जात नसत. गेल्या काही वर्षांत तिला चांगला वेग आला आहे. ओएलईडी नावाची आणखी एक जात आहे, तीत वेग, रंग आणि काळोख सर्वच उत्तम. तिची किंमत ऐकून आम्ही पुढचे वाचले नाही. एकंदरीत वाचनाअंती आमचे असे मत झाले की चपळाई विरुद्ध खरेपणा हा झगडा निदान मधल्या किमतीच्या मालात पुष्कळसा मिटलेला आहे, आणि कंपन्या मात्र तो जाहिरातींत अद्याप जिवंत ठेवीत आहेत. खेळाडूंच्या मालावर तांबडे दिवे आणि ड्रॅगन, चित्रकारांच्या मालावर रंगीत पोपट! त्यातून 'एक सहस्रांश सेकंद' हे जे ब्रीद प्रत्येक खोक्यावर छापलेले असते, ते पडद्याला इतके पिटाळून मिळविलेले असते की वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची पडछाया दिसू लागते.

असो. एका शनिवारी आम्ही तिघे ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे नाव भडकमकर मार्ग होऊन किती तरी वर्षे लोटली, पण संगणकाचा बाजार जुन्या नावालाच ओ देतो. दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले होते. एक चिरंजीवांच्या पसंतीचा, एक कन्येच्या. विक्रेत्याने दोहोंवर पोपट लावला. कन्येने पोपट काढावयास सांगितले, आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्यावरचे चित्र लावविले. ती शेवाळी साडी होती.

"बघा, यावर तांबूस झाक चढवून ठेवली आहे," खेळाच्या मॉनिटरकडे बोट दाखवून ती म्हणाली. "अगदी प्रुफासारखी दिसतेय." चिरंजीवांनी पाहिले व म्हणाले, "हो, ही तर सरळ तपकिरी." विक्रेताही मान हलवून म्हणाला, "साहेब, सेटिंगचा फरक आहे, काढून देतो." आम्ही डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. दोन्ही पडद्यांवर साडी एकच होती. पुढे झालो, मागे आलो, चष्मा काढला, घातला. एकच. तिघांना जे एका दृष्टिक्षेपात दिसत होते ते आम्हास दिसत नव्हते. आणि या खेपेस आम्ही उभे होतो की बसलो होतो, याने काही अडत नव्हते.

खरेदी न करताच आम्ही परतलो. गाडीत मुले आपसांत वाद घालीत होती. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. महालक्ष्मीपासून पुढे रुळांच्या कडेला पावसाने उगवलेले गवत आणि ओली माती यांच्यामधली सीमा आम्हास प्रथमच शोधावीशी वाटली.

सोमवारी कोणास न सांगता नेत्रवैद्यांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांच्या वर्तुळांचे पुस्तक पुढे केले. ही युक्ती शिनोबू इशिहारा या जपानी वैद्याची, १९१७ सालची. पहिल्या पानावरचा आकडा आम्ही वाचला. तो कोणासही वाचता येतो. पुढे काही पानांवर आम्हास आकडा दिसला तो चुकीचा, आणि काही पानांवर नुसतेच ठिपके. हिरव्या रंगाची जाण जन्मतः उणी आहे, सौम्य आहे, त्यावर औषध नाही, आणि याने आजवर काही अडले नसेल, असे वैद्य म्हणाले. खरोखरच अडले नव्हते. पान हिरवे असते, माती तांबडी असते, हे लहानपणीच कानांनी शिकल्यावर डोळ्यांची साक्ष कोण काढतो? रेल्वेच्या नोकरीला गेलो असतो तर पहिल्या तपासणीतच कळले असते. तर्कशास्त्र शिकविण्यास रंग लागत नाहीत.

अणुवादाचा जनक जॉन डाल्टन याला हाच दोष होता, आणि त्याने १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे स्वतःच त्याचे वर्णन केले, हे आम्ही कधी काळी वाचले होते. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा असा त्याचा तर्क होता. मरणानंतर डोळा फोडून पाहावा, असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारला तेव्हा डोळा पाहिला, तो द्रव स्वच्छ निघाला. तर्क खोटा ठरला, पण डोळा जपून ठेवला गेला, आणि १९९५ मध्ये त्यातील गुणसूत्रे तपासून खरे कारण सापडले: हिरव्या प्रकाशास जागे होणारे द्रव्यच त्यात नव्हते. दीडशे वर्षांनी का होईना, माणसाने आपल्या डोळ्याचा निकाल लावून घेतला. आम्ही मात्र दीड महिना एका लॅपटॉपच्या आड लपून बसलो होतो.

त्या रात्री कन्येस सर्व सांगितले. उभे नव्हतो, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीच आधी बोलल्या, "तरीच! पहिल्या दिवाळीला हिरवी म्हणून आणलेली साडी चॉकलेटी होती. मी म्हटलं, माणूस हौसेनं आणतो, कशाला बोला." तेहतीस वर्षे ती गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. आम्ही बारा हजार रुपये कन्येपुढे ठेवले. तिने सहा मोजून घेतले व सहा परत केले. "प्रुफ दिवसाच्या उजेडात, आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवून पाहायला हवं होतं. ती माझी चूक," ती म्हणाली. मग, थोड्या वेळाने, "पण त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी लॅपटॉपला इतक्या शिव्या दिल्या नसत्या." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही. हा दोष बापाकडून मुलाकडे जात नाही, मुलीकडे मात्र गुप्त ठेव्यासारखा जातो आणि तिच्या मुलांत उघडा होऊ शकतो, हेही वैद्यांनी सांगितले होते. ते सांगण्यास आम्हास आणखी आठ दिवस लागले.

मॉनिटर अखेर आणला तो आयपीएस जातीचा, एसआरजीबीचे ९९ टक्के रंग दाखविणारा आणि सेकंदास १६५ वेळा चित्र बदलणारा. चिरंजीव पंधरा दिवस त्याच्या चपळाईचे पोवाडे गात होते. सोळाव्या दिवशी कन्येस आढळून आले की संगणकाची मांडणी अद्याप जुन्या ६० वरच आहे; मॉनिटर कितीही वेगाचा असला तरी संगणकास तसे सांगावे लागते, आणि ते कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आमच्या मनास जे समाधान वाटले ते बापास शोभणारे नव्हते. मग वेग वाढविला, आणि पडद्यावरचा बाण हलवून पाहिला तो खरोखरच लोण्यावरून सरकावा तसा सरकला. हा फरक आम्हासही दिसला!

तंटा पुरता मिटला असे नाही. शत्रू सावलीत लपतो म्हणून चिरंजीव सावल्या उजळतात आणि रंग भडक करतात. सकाळी कन्या पाहते तो तिच्या अबोलीची गुलबक्षी झालेली! खेळाडूला पडदा खोटे बोललेला चालतो, किंबहुना हवाच असतो, फक्त त्याने ते वेळेवर बोलावे. आता मागच्या बाजूच्या कळीने रात्रीची एक मांडणी आणि दिवसाची दुसरी, असा तह झाला आहे. कन्येने मैत्रिणीकडून रंग मोजण्याचे एक यंत्रही आणले होते. ते पडद्यावर कोळ्यासारखे लोंबत एकेक रंग तपासते आणि चुकीचा आकडा सांगते. त्या आकड्याच्या नावात जो 'ई' आहे तो 'एम्फिंडुंग' या जर्मन शब्दाचा, अर्थ, संवेदना. सरासरी दीड आला. दोनच्या आत असला की फरक सहसा कळत नाही, असे कन्येने सांगितले. कोणाला कळत नाही? हे सारे मोजमाप ज्या १९३१ च्या प्रमाणभूत 'निरीक्षका'वर उभे आहे, तो राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडात तपासलेल्या दहा आणि सात, अशा सतरा माणसांच्या नजरेची सरासरी आहे. सतरा माणसांनी जगाचा रंग ठरविला. आमचे मत त्यांच्या विरुद्ध पडते, पण ते कोणी विचारलेले नाही.

विचारले ते चिरंजीवांच्या खेळाने, हे आश्चर्य. शत्रूभोवती तांबडी कड असते, ती आमच्यासारख्यांस पिवळी करून घेण्याची सोय त्या खेळात आहे, आणि तिच्यापुढे आमच्या दोषाचे शास्त्रीय नाव छापलेले आहे. "बाबा, तुमच्यासाठी सेटिंग आहे!" असे म्हणून त्यांनी एका रविवारी आम्हास खुर्चीवर बसविले. पिवळ्या कडेचा शत्रू आम्हास स्पष्ट दिसला. त्यास आम्ही त्याच्याही आधी दिसलो होतो, हा भाग निराळा.

मागच्या आठवड्यात कन्येस एका नव्या दुकानाचे काम आले. तिने प्रुफे आणली, गच्चीत उजेडात नेऊन भावाला आणि आईला दाखविली, मग खाली येऊन आमच्यापुढे ठेवली. आम्ही गोंधळून तिच्याकडे पाहिले. "रंग झाले," ती म्हणाली, "तुम्ही शुद्धलेखन तेवढं पाहा." आम्ही चष्मा पुसून बसलो. सातव्या पानावर 'शेवाळी'तला ळ ऱ्हस्व पडला होता.